वॉरंट कोणाच्या नावाने निघतं?

मागच्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. माझं तालुक्याच्या कोर्टासमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, १९ वर्षं झाली, त्यामुळे घाबरलेला माणूस पायरी चढतानाच मला कळतो. तो आधी मागे वळून बघतो आणि मग एकदम हळू आवाजात बोलतो. गुरुजी पण तसेच, "एक कलर प्रिंट काढायचीय, पण कुणाला दाखवू नको." मोबाईल दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ, वर सिंहाची राजमुद्रा, तिच्या दोन्ही अंगांना दोन गोल शिक्के, मध्ये लाल अक्षरात 'अरेस्ट वॉरंट', खाली गुरुजींचं पूर्ण नाव आधार नंबरसकट, आणि मजकूर असा की तुम्हाला याद्वारे कळवण्यात येते की तुम्हाला डिजिटल अरेस्ट करण्यात आले आहे. याची प्रिंट काढून सही करा, फोटो परत पाठवा, आणि 'व्हेरिफिकेशन' साठी एफडी मोडून पैसे वळते करा असा निरोप होता.

मी म्हटलं गुरुजी, हे बोगस आहे. तर म्हणतात कशावरून, शिक्का आहे की, सही पण आहे. मी म्हटलं शिक्का राहू द्या, शिक्के माझ्या शेजारचा पण बनवून देतो. हे पत्र कोणाला लिहिलंय ते बघा. तुम्हाला लिहिलंय. आणि अटक वॉरंट ज्याला अटक करायची त्याला लिहीतच नाहीत.

गुरुजी थांबले. ४० वर्षं शाळेत पत्रलेखन शिकवलेला माणूस, 'प्रति' खाली कोणाचं नाव हा मुद्दा त्यांना लगेच पोचला. १९३० नंबरला फोन लावून दिला, तक्रार नोंदवली, एफडी वाचली. पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही, कारण गुरुजी अडाणी नव्हते, पेपर रोज वाचतात, पंतप्रधानांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये 'मन की बात' मध्ये डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नसतं हे सांगितलेलं त्यांनी ऐकलं पण होतं. तरी वॉरंट हा शब्द दिसला आणि हातपाय गळाले. म्हणजे चोरांनी गुरुजींचा मोबाईल हॅक केलाच नव्हता, त्यांनी फक्त एक शब्द वापरला. तो शब्द आपल्याकडे इतका भीतीचा का झालाय, आणि खरं तर तो आपल्या बाजूचा शब्द असताना असं का व्हावं, यावर लिहायचंय.

तर खरं वॉरंट कसं असतं ते आधी सांगतो. कागद साधा, बऱ्याचदा पातळ, छापील नमुना आणि मोकळ्या जागा पेनाने भरलेल्या. वर कोर्टाचं नाव, केस नंबर. 'प्रति' मध्ये पोलीस निरीक्षक, अमुक पोलीस ठाणे. मग मजकूर, की ज्याअर्थी अमक्यावर अमुक कलमाखाली आरोप आहे, त्याअर्थी तुम्हाला, म्हणजे पोलिसाला, असा हुकूम करण्यात येतो की त्याला पकडून माझ्यासमोर हजर करा, यात कसूर होऊ नये. खाली न्यायाधीशांची सही, कोर्टाचा शिक्का. सही आणि शिक्का नसेल तर ते वॉरंटच नाही. आधीच्या दंड प्रक्रिया संहितेत असंच होतं आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पण असंच आहे, कलमाचे नंबर बदलले, ७० चं ७२ झालं, एवढंच. समन्स तुम्हाला लिहिलेलं असतं, की बाबा तारखेला ये. वॉरंट पोलिसाला लिहिलेलं असतं, की याला घेऊन ये. आणि त्यातलं 'यात कसूर होऊ नये' हे दटावणं पोलिसाला असतं, तुम्हाला नाही, हे माझ्या दुकानात येणाऱ्या शंभरातल्या नव्वद लोकांना माहीत नसतं.

आता जरा शब्दाच्या मागे जाऊ, मला हा नाद आहे, दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज टाईप करणाऱ्याला शब्दांचा नाद लागतोच. वॉरंट इंग्रजीत आलं फ्रेंचांकडून, आणि फ्रेंचांकडे ते आलं जर्मन कुळातल्या जुन्या भाषेतून, तिथे अर्थ होता राखणदार, पाठीराखा. फ्रान्सच्या एका भागात तोच शब्द 'व' ने म्हणायचे आणि दुसऱ्या भागात 'ग' ने, 'व' वाल्यातून वॉरंट आणि वॉरंटी आले आणि 'ग' वाल्यातून गॅरंटी. म्हणजे मिक्सर घेताना आपण दुकानदाराला जे विचारतो, गॅरंटी आहे का नुसती वॉरंटी, त्या दोन्ही वॉरंटच्या सख्ख्या बहिणी. बहिणी कपाटात बिलाबरोबर जपून ठेवलेल्या आणि भाऊ दारात आला की घरात रडारड!

बरं, सगळीकडे रडारड पण नाही. आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी माणूस फौजेत असलेली गावं आहेत, अपशिंगे तर नावातच मिलिटरी लावतं. तिथे वॉरंट म्हणजे रेल्वे वॉरंट, जवान सुट्टीवर यायला निघाला की त्याला तिकिटाच्या बदली मिळणारा सरकारी कागद, त्यामुळे तिथल्या आईच्या तोंडी "पोराचं वॉरंट झालं" हे वाक्य सण असल्यासारखं येतं. एअर फोर्समध्ये वॉरंट ऑफिसर ही इज्जतीची रँक. पूर्वी ज्यांच्याकडे शेअर असायचे त्यांच्या घरी पोस्टाने डिव्हिडंड वॉरंट यायचं, माझ्या एका गिऱ्हाईकाच्या आईने ते पाकीट पोलिसांचं समजून तांदळाच्या डब्यात लपवलं होतं, १८० रुपयांचं होतं बिचारं. आणि हल्ली शेअर बाजारात कंपन्या प्रमोटर लोकांना वॉरंट देतात, २५ टक्के पैसे आधी भरायचे आणि १८ महिन्यांत बाकीचे भरून शेअर घ्यायचे, नाही घेतले तर भरलेले बुडाले. ही सगळी वॉरंटं एकमेकांच्या ओळखीची नाहीत असं वाटतं पण धागा एकच आहे. ज्याच्या हातात कागद त्याला एक ठरावीक गोष्ट करायची मुभा, तेवढीच, त्यापुढे नाही, आणि त्या मुभेच्या मागे कोणीतरी सही करून उभा.

हेच अटक वॉरंटला लावून बघा. कागद पोलिसाच्या हातात, म्हणजे मुभा पोलिसाला. आणि मुभा द्यावी लागते याचाच अर्थ मुभा नसती तर तो तुमच्या दारातून आत येऊ शकला नसता. आपण वॉरंटला चाबूक समजतो, मला ते वेसणीसारखं वाटतं, आणि वेसण आपल्या नाकात नाही, कायद्याने ती दुसऱ्याच्या नाकात घातलीय.

पण असं कोणी समजत नाही याचं कारणही रोज समोर दिसतं. आमच्या थोरल्या काकांची गोष्ट सांगतो. त्यांचं सायकलचं दुकान होतं हायवेलगत, २०११ साली दुकानापुढे टेम्पोचा अपघात झाला, पोलीस आले, पंचनामा केला, "काका इथं सही करा, काही होत नाही." काकांनी केली. झाले पंच. पुढे दुकान बंद करून काका-काकू पोराकडे हडपसरला राहायला गेले. केस उभी राहिली सात वर्षांनी. समन्स जुन्या पत्त्यावर गेलं, दोनदा, "सदर इसम मिळून आला नाही" असा शेरा होऊन परत आलं. मग निघालं जामीनपात्र वॉरंट. काकांवर, ज्यांनी फक्त सही केली होती! हवालदार पत्ता काढत हडपसरला पोचला, चांगला माणूस होता, चहा घेतला, म्हणाला जातमुचलका, म्हणजे तारखेला येतो अशी लेखी हमी, भरून द्या आणि तारखेला या. पण काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. सोसायटीत पोलीस आलेला सगळ्यांनी बघितला, घराण्यात कधी पोलीस दारात आला नव्हता, हे एकच पालुपद. मी विचारलं कागद कुठाय, काय लिहिलंय, साक्षीदार म्हणून आहे का आरोपी म्हणून. तर म्हणे कागद हवालदाराने परत नेला, तो त्याचा होता.

तारखेला काका गेले, वॉरंट रद्दचा अर्ज मीच टाईप केला, कोर्ट फीचं तिकीट लावलं, जज्ज मॅडमनी बघितला, मंजूर. मग साक्ष. "ही सही तुमची का?" "हो." संपलं, चार मिनिटं. काका बाहेर आल्यावर म्हणाले, एवढ्यासाठी मला आरोपी केलं होतं का रे. मी सांगितलं काका तुम्हाला आरोपी केलंच नव्हतं, वॉरंट साक्षीदारावर पण निघतं. ते मरेपर्यंत त्यांना पटलं नाही. पटणार कसं, कागद वाचायला मिळालाच नव्हता.

माझा मुद्दा इथेच आहे. कायदा काय म्हणतो, की वॉरंट बजावणाऱ्याने त्यातला सारांश त्या माणसाला सांगायचा, आणि त्याने मागितलं तर वॉरंट दाखवायचं. मागितलं तर. दाखवायचं. प्रत द्यायची असं नाही. आता ज्याच्या दारात खाकी उभी आहे, मागून बायको डोळे पुसतेय, शेजारी जिन्यात आलेत, तो माणूस "जरा वॉरंट दाखवता का साहेब" असं म्हणेल असं ज्याने हे कलम लिहिलं त्याला वाटलं असेल, कारण त्याच्याकडे बहुतेक कधी कोणी आलं नसेल. हे 'मागितलं तर' काढून टाका आणि न मागता प्रत हातात द्या, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात. माझी मागणी एवढीच आहे आणि बाकीचा सगळा लेख ही मागणी वाटते तेवढी छोटी नाही हे सांगायला आहे.

कारण या कागदासाठी लोकांनी भांडणं केलीत. १७६३ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स नावाच्या मंत्र्याने असं वॉरंट काढलं की त्यात कोणाचं नावच नव्हतं, सरकारवर टीका करणाऱ्या एका अंकाचे लेखक, छापणारे, प्रकाशक जे कोणी असतील त्यांना पकडा. पन्नासेक माणसं उचलली, त्यात जॉन विल्क्स नावाचा खासदार पण. त्याच्या आदल्या वर्षी जॉन एंटिक नावाच्या लेखकाच्या घरात घुसून चार तास झडती घेऊन कागदपत्रं नेली होती, पण त्याने नेणाऱ्यांवरच दावा ठोकला आणि १७६५ ला जिंकला, कोर्टाने विचारलं की मंत्र्याला असं वॉरंट काढायचा अधिकार देणारा कायदा दाखवा, तो काय दाखवता आला नाही. म्हणजे शिक्का असलेला कागद आणला की झालं असं नाही, तो काढायचा अधिकार होता का, नाव आहे का, काय शोधायचंय ते लिहिलंय का, हे सगळं विचारता येतं. अमेरिकेने पुढे १७९१ मध्ये हेच त्यांच्या घटनेत चौथी दुरुस्ती म्हणून घातलं.

आपल्याकडे झडतीचा अनुभव लोकमान्यांइतका कोणाला असणार. २४ जून १९०८ ला मुंबईत सरदारगृहात टिळकांना अटक झाली आणि मागोमाग पुण्यातल्या घराची झडती. त्यात सापडलं एक पोस्टकार्ड, त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं लिहिलेली. टिळक म्हणाले सरकारच्या नव्या स्फोटक कायद्यावर टीका लिहायला मागवणार होतो. पण खटल्यात ते कार्ड मिरवलंच, आणि शिक्षा सहा वर्षं, मंडालेला. एक पोस्टकार्ड. आता तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये किती पोस्टकार्डं आहेत ते मोजा, मी माझी मोजायला गेलो आणि सोडून दिलं.

हे सगळं माहीत असलेली माणसं घटना लिहायला बसली होती. ३ डिसेंबर १९४८ ला काझी सय्यद करीमुद्दीन, मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले सदस्य, त्यांनी घटना समितीत दुरुस्ती मांडली की वॉरंटशिवाय आणि सबळ कारणाशिवाय माणसाची, घराची, कागदपत्रांची झडती घेता येणार नाही असं मूलभूत हक्कांत घाला. बाबासाहेब म्हणाले मी हे स्वीकारायला तयार आहे. त्यांचं म्हणणं असं की यात नवीन काही नाही, फौजदारी कायद्यात हे आहेच, पण उद्याचं विधिमंडळ ते काढून टाकू शकतं म्हणून ते त्यांच्या हाताच्या बाहेर ठेवलेलं बरं. इतका सरळ मुद्दा. तरी मतदानाच्या वेळी गोंधळ झाला, प्रश्न पुढे ढकलला गेला आणि शेवटी दुरुस्ती पडली. पुढच्या वर्षी बाबासाहेबांनी अटकेपुरतं तरी जे वाचवता येईल ते वाचवलं, आजचं कलम २२, कारण सांगायचं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं. झडती राहिलीच. १९५४ ला सुप्रीम कोर्टाने तेच बोट दाखवून सांगितलं की अमेरिकेसारखं आपल्या घटनेत नाही, मग आम्ही कुठून आणू. ते मोडायला २०१७ उजाडलं, नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं तेव्हा. ६९ वर्षं गेली त्या गोंधळाच्या मतदानापायी, असं मी म्हणतो, वकील लोक म्हणतील इतकं सोपं नाही, नसेल.

वॉरंटमधली खरी गोम काय, तर तिसरा माणूस. एकीकडे तुम्ही, एकीकडे पोलीस, आणि मध्ये सही करणारा कोणीतरी ज्याला तुम्हाला पकडून काही मिळणार नाही आणि सोडून काही जाणार नाही. तो तिसरा काढून घेतला की कागदावर वॉरंट लिहा नाहीतर काही लिहा. आयकरवाले धाड टाकतात तेव्हा त्यांच्याकडे पण वॉरंट असतं, नाव वॉरंटच, पण सही त्यांच्याच खात्याच्या वरच्या साहेबाची. फोन टॅप करायचा तर हुकूम गृहसचिव देतो, न्यायाधीश नाही. आणि २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात तर ईमेल, सोशल मीडिया हे पण झडतीच्या जागेत धरलंय, सही पुन्हा खात्यातलीच. अरे मग ते वॉरंट कसलं, मीच माझ्या पोराला शाळेतून घरी यायची परवानगीची चिठ्ठी लिहून वर मीच मुख्याध्यापक म्हणून सही केल्यासारखं आहे ते.

आता आमचे वॉरंटवाले हवालदार, म्हणजे ठाण्यात समन्स-वॉरंट बजावायची ड्युटी असलेले, ते माझ्याकडे चहाला असतात. त्यांच्याशी हे बोललो तर म्हणतात, "शेठ, बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढून पोरगं पळतंय, मी काय कोर्टात जाऊन वॉरंट आणू?" बरोबर आहे. म्हणूनच दखलपात्र गुन्ह्यात विनावॉरंट अटकेचा अधिकार कायद्याने दिलाय, आधी कलम ४१ होतं आता ३५. पण गंमत अशी की अपवाद म्हणून दिलेलं आता नेहमीचं झालंय, माझ्या दुकानात रिमांडचे जे कागद झेरॉक्सला येतात त्यातले बहुतेक विनावॉरंट अटकेचे. म्हणजे लोक ज्या वॉरंटला घाबरतात ते असतानाची अटक त्यातल्या त्यात बरी, न्यायाधीशाने एकदा तरी बघितलेली, आणि ज्या अटकेला घाबरायचं तिच्यात कागदच नसतो. हवालदारांना पळणारं पोरगं पकडायला कोणी नको म्हणत नाही. पण नवरा-बायकोच्या भांडणात, उसनवारीत, फेसबुकच्या पोस्टवर कोणी पळत नसतं, तिथे नोटीस देऊन बोलावता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१४ ला हेच सांगितलं, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, का करतोय ते लिहा. २०२३ ला ईडीला सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्या. आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये, तेही मुंबईतल्याच एका खटल्यात, सांगितलं की कुठलाही गुन्हा असो, कारणं लेखी द्या आणि त्या माणसाला कळेल त्या भाषेत द्या.

कळेल त्या भाषेत! हे वाचून मी दुकानात टाळी वाजवली होती, गिऱ्हाईक बघायला लागलं. पण मग लक्षात आलं की वॉरंटवर अटक झाली तर वॉरंट हेच कारण, ते वाचून दाखवलं की पुरे, असं पण कोर्टाने म्हणून ठेवलंय. म्हणजे आता विनावॉरंट उचललेल्याला लेखी कागद मिळणार, आणि वॉरंटवाल्याला वाचून दाखवलेलं, तेही दारात उभ्याउभ्या. म्हणून मी त्या प्रतीवर अडून बसलोय.

यातलं सगळ्यात टोकाचं उदाहरण फाशीचं. फाशीचं वॉरंट पण कैद्याच्या नावाने नसतं, जेलच्या अधिकाऱ्याला लिहिलेलं असतं. पुण्यातल्या बीपीओमध्ये काम करणाऱ्या मुलीवर अत्याचार आणि खून झाला ते २००७ चं प्रकरण बऱ्याच जणांना आठवत असेल, त्यातल्या दोघांचा दयेचा अर्ज २०१७ मध्ये फेटाळला गेला आणि तरी वॉरंट निघालं २०१९ मध्ये. मधला वेळ फायली इकडून तिकडे फिरण्यात गेला. मुंबई हायकोर्टाने त्या उशिरासाठी फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद केली, आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये ते कायम ठेवताना वॉरंटचे नियम घालून दिले, त्यात एक असा की कैद्याला ते मिळाल्यापासून फाशीच्या तारखेपर्यंत पूर्ण १५ दिवस पाहिजेत. तो निकाल कोणाला पटेल, कोणाला नाही, त्या मुलीच्या घरच्यांना काय वाटलं असेल ते मला लिहवत नाही. पण कागदापुरतं बघा, फाशीचा कैदी असला तरी तो कागद त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे, वेळेत पोचला पाहिजे, हे देशाच्या सर्वात वरच्या कोर्टाने मान्य केलंय. मग टेम्पोच्या पंचनाम्यावर सही केलेल्या सायकलवाल्याला का नाही?

लोक म्हणतील प्रत दिली की पळून जातील. अहो वॉरंट बजावताना माणूस समोर असतो, हातात असतो, पळायचं असतं तो आधीच गेलेला असतो. आणि खरे दांडगे आहेत त्यांना प्रतीची गरजच नसते, त्यांच्यावर अजामीनपात्र निघालं तरी ते स्टेजवर हार घालून बसलेले असतात आणि त्याच आठवड्यात कोर्टात रिपोर्ट येतो, सदर इसम मिळून आला नाही. स्टेजच्या बंदोबस्तालाही तेच ठाणं असतं. सुप्रीम कोर्टाने २००७ लाच सांगितलंय की आधी समन्स, मग जामीनपात्र, मग अजामीनपात्र अशा पायऱ्यांनी जा. चेक बाउन्सच्या केसमध्ये पुकारा झाला तेव्हा लघवीला गेलेला माणूस परत येईस्तो वॉरंटचा हुकूम झालेला मी बघितलाय, आणि वर म्हटलेले हारवाले तीन-तीन वर्षं सापडत नाहीत. वॉरंटची भीती ही ज्याला पत्ता आहे त्यालाच असते.

भाषेचं तर विचारूच नका. १९९८ पासून आपल्या राज्यात जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे. तरी माझ्या काउंटरवर येणारे निम्मे कागद इंग्रजीत, आणि मराठीत असले तर वॉरंटला 'अधिपत्र'. मी एकदा अर्जात प्रामाणिकपणे 'अधिपत्र रद्द होणेबाबत' टाईप केलं तर पक्षकार म्हणाला, अहो मला वॉरंट रद्द करायचंय, हे काय घातलं. वॉरंटच लिहा की, समन्स, कोर्ट, जज्ज सगळे आपलेच झालेत, ते एक का परकं? फक्त मोकळ्या जागेत नाव नीट लिहा, बापाचं नाव लिहा, साक्षीदार का आरोपी त्यावर ठळक गोल करा. केसचा १६ अक्षरांचा सीएनआर नंबर टाका म्हणजे कोणालाही ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर दोन मिनिटांत खरं-खोटं बघता येईल, आत्ता कधी असतो कधी नसतो. हे गुरुजींसाठी पण लागणार आहे. कारण नव्या कायद्यात कोर्टाचं समन्स मोबाईलवर पाठवता येतं, शिक्क्याच्या फोटोसकट, म्हणजे उद्या खरा कागद आणि चोराचा कागद एकाच व्हॉट्सअ‍ॅपवर एकाखाली एक येऊन पडणार. पोलिसांची हजर राहायची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे कोर्टाचं चालेल, पोलिसांचं नाही. हा फरक मला समजायला दोनदा वाचावं लागलं, गुरुजींनी कसा ओळखायचा?

हे सगळं लिहून झाल्यावर काल हवालदारांना वाचून दाखवलं, संध्याकाळी, कोर्ट सुटल्यावर. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी, मधे दोनदा हसले. मग खांद्यावरच्या बॅगेतून वॉरंटांची चळत काढली, रबर लावलेली, १४ होती, वरच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "तुम्ही लिहिलंय ते बरोबरे शेठ. कागद आमच्याच नावाने असतोय. हा मंगळवारी नेला नाय तर मेमो मलाच येतोय, ह्याला काय." आणि त्यातलं एक माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "हे जरा झेरॉक्स मारा, एकच. म्हातारी हाय, साक्षीदार. विचारतीय काय लिवलंय म्हणून."

मी दोन मारल्या.